चाकाचा वास

स्प्रिंट नावाच्या शर्यतीत सुरुवातीला पुढे जायची घाई कोणालाच नसते. सिमेंटच्या उतरत्या, गोल धावपट्टीवर दोन सायकलस्वार चालण्याच्या वेगाने फिरत राहतात. पुढच्याने वारा अंगावर घ्यायचा, मागच्याने त्याच्या आडोशाने यायचे. मागच्याला पुढच्याची पाठ आणि पोटऱ्या सगळे दिसते; पुढच्याला मागचे काहीच दिसत नाही. म्हणून पुढचा सारखा मान वळवून पाहतो. मग एकाएकी कोणीतरी सुटतो आणि उरलेले वर्तुळ डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच संपते.

मिठबावचा काशीराम तारी पुढे राहून जिंकायचा. इतरांना जे संकट वाटे ते त्याला सोयीचे होते, कारण मागे बघणे त्याच्या स्वभावातच होते. १९५५ साली तो मुंबई राज्याचा विजेता झाला, त्याच्या पुढच्या वर्षी देशाचा, आणि नंतर सलग दोनदा त्याने ते पद राखले. एका वर्तमानपत्राने त्याच्या छायाचित्राखाली लिहिले होते, ‘मानेला डोळे असलेला माणूस’. छायाचित्रातही तो मागेच पाहत होता.

सायकल त्याच्या हाती आली ती मासळीसाठी. आई हौसाबाई मिठबावच्या किनाऱ्यावर मासळी घेई आणि मुलगा ती टोपली कॅरियरला बांधून फोंडाघाटच्या बाजारात पोचवी. ऊन चढले की बांगडा टिकत नाही. रस्ता चढाचा, लाल मातीचा. त्या रस्त्याने त्याच्या मांड्या घडवल्या. फोंडाघाटच्या बाजारात भुसाराचे दुकान असलेल्या बिडयांचा मुलगा हरिश्चंद्र वयाने त्याच्याच बरोबरीचा. त्याच्याकडे नवी कोरी सायकल होती आणि ती मासळीच्या सायकलीला हरवू शकत नाही याचे त्याला नवल वाटे. घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत दोघांच्या शर्यती लागत. पुढे दोघे मुंबईला गेले, दोघांना गोदीत नोकरी लागली, दोघे एकाच सायकल क्लबात शिरले. काशीराम विजेता झाला. हरिश्चंद्र कायम त्याच्या मागचा, राखीव गडी.

विजेता झाल्यावर काशीरामचा संशय वाढला. एका स्पर्धेच्या सकाळी त्याच्या मागच्या चाकाचे आरे ढिले निघाले. प्रवासात ट्रकच्या हादऱ्यांनी असे होते, असे क्लबाचे चिटणीस श्रीपाद पराडकर यांनी सांगितले. काशीरामला पटले नाही. तेव्हापासून तो पाण्याची बाटली स्वतः भरू लागला, खोगीर खिशातल्या पान्याने स्वतः आवळू लागला. क्लबाच्या खोलीला कुलूप होते. पण किल्ली चिटणिसांकडे असे आणि ती मागितली की मिळे, हे त्याच्या डोक्यातून जात नव्हते.

“चाकां उशाक घेवन निजतंस काय रे?” हरिश्चंद्र विचारी.

“निजतंय. तुका काय त्रास?”

“माका कसलो त्रास? लगीन तुझा होवचा आसा. बायलेक सांगतलंस काय, मदी चाक आसा, पलीकडे सर?”

१९५९ च्या पावसाळ्याआधी काशीरामने शर्यतीची दोन्ही चाके गोणपाटात गुंडाळली आणि गावी आणली. त्या चाकांच्या रिमा लाकडी होत्या. धावपट्टीवर तेव्हा लाकडी रिम चांगली समजत, कारण ती हलकी असते आणि सिमेंटवर कमी थरथरते. तिच्यावरचा टायर म्हणजे नळीसारखा शिवलेला, आत ट्यूब असलेला. त्याला धरून ठेवायला रिमेला कड नसते. तो लाखेने चिकटवतात. जोरात वळताना स्वाराचा जीव त्या लाखेच्या थरावर असतो. काशीरामने टायर सोलून काढले, उघडी चाके घरामागच्या मांगरात, जाळी नि वल्ही ठेवायच्या खोपटात, आढ्याला टांगली आणि मुंबईला परत गेला. क्लबापेक्षा मांगर सुरक्षित, असा त्याचा हिशेब होता. मांगरात त्याचे वडील आबा सोडले तर कोणी जात नसे, आणि आबांनी त्याच्या सायकलीला आयुष्यात कधी बोट लावले नव्हते.

आबांना हा खेळ मान्यच नव्हता. मुलगा होडीवर यावा अशी त्यांची इच्छा होती. पहिले चांदीचे भांडे घरी आले तेव्हा ते एवढेच म्हणाले होते, “गोल गोल फिरान माणूस खंय पोचता?” त्यानंतर त्या विषयावर बापलेकांत बोलणे झाले नाही.

गणपतीला काशीराम आला आणि जाताना चाके घेऊन गेला. क्लबात टायर चिकटवायचे काम हरिश्चंद्रचे. त्याचा हात त्यात बसला होता, आणि दोन-तीन गडी बघत असताना तो ते करी. त्या दिवशी त्याने रिम नाकाजवळ नेली.

“काशीराम, हेका वास येता रे. लाकूडय काळा पडलाहा.”

“कसलो वास?”

“मासळीचो.”

खोलीतले दोघे-तिघे हसले. काशीराम हसला नाही. टोपली बांधून बाजारात शिरला की फोंडाघाटची पोरे नाक धरीत ते त्याला आठवले.

“आमच्या घरात मासळीचोच वास आसतलो. तुमच्याकडे अत्तराचो आसता काय?”

“अरे, मी चाकाचा सांगतंय...”

“तू काय सांगतंस तां माका समाजता. लावचो तर लाव, नायतर ठेव खाली.”

हरिश्चंद्रने रिम रॉकेलच्या फडक्याने पुसली, सुकवली आणि लाख लावून टायर बसवला. काशीराम शेजारी उभा राहून बघत होता. वासाबद्दल पुन्हा कोणी बोलले नाही.

राष्ट्रीय स्पर्धा त्या वर्षी उत्तरेकडे होती. उपान्त्य फेरीत काशीरामसमोर पंजाबचा एक धिप्पाड स्वार होता. नेहमीप्रमाणे काशीराम पुढे राहिला, मान वळवून बघत राहिला, आणि शेवटच्या वळणाच्या आधी सुटला. वळणावर त्याच्या पुढच्या चाकाचा टायर रिमेवरून घसरून बाजूला पडला. उघडे लाकूड सिमेंटवर घासले. काशीराम उतारावरून खाली आला आणि मागचा स्वार त्याच्यावर आदळला. काशीरामचे गळ्याजवळचे हाड मोडले. पंजाबच्या स्वाराचा गुडघा गेला. तो पुन्हा शर्यतीत उतरला नाही. पुढच्या उन्हाळ्यात संघ परदेशी जायचा होता. त्यात काशीरामच्या जागी राखीव गडी म्हणून हरिश्चंद्र बिडये याचे नाव आले.

काशीरामने इस्पितळात ते वर्तमानपत्रात वाचले. टायर लावला कोणी? हरिश्चंद्रने. मी पडल्यावर जागा कोणाला? हरिश्चंद्रला. कारण शोधायला त्याला लांब जावे लागले नाही. हरिश्चंद्र भेटायला आला तेव्हा त्याने तोंड भिंतीकडे फिरवले. हरिश्चंद्रने खाटेशेजारी ठेवलेल्या मोसंब्यांना तो शिवला नाही.

हात गळ्यात बांधून तो आगबोटीने देवगडला उतरला आणि मिठबावला आला. शिमगा जवळ आला होता. त्याच सुमारास श्रीपाद पराडकर त्याच्याकडे आले. दुसऱ्या स्वाराला कायमची इजा झाल्यामुळे सायकल संघटनेने चौकशी नेमली होती आणि काशीरामचा जबाब घेण्याचे काम क्लबाच्या चिटणिसांवर आले होते. पराडकर सरकारी कचेरीत कारकून, घरचे भिक्षुक, मोजके बोलणारे. अंगणात खुर्ची घेऊन त्यांनी आधी नियम सांगितला.

“टायर निष्काळजीपणाने लावला असेल तर लावणाऱ्यावर दोन वर्षांची बंदी. मुद्दाम ढिला ठेवला असेल तर कायमची, आणि वर पोलिसांत प्रकरण. तू हरिश्चंद्राचं नाव घेतलंस तर त्याचा परदेश दौरा गेला आणि बहुधा गोदीतली नोकरीही गेली. तेव्हा विचार करून बोल.”

“विचार झाला माझा,” काशीराम म्हणाला. पराडकरांशी तो शाळेतली मराठी बोले. “तुम्ही लिहून घ्या.”

हौसाबाई चहा घेऊन आली. “तेना असा कित्याक करूचा गो बाय?” तिने कोणाला उद्देशून न बोलता विचारले. “बिडयांचो झील. माझ्या हातचे बांगडे खावन वाडलो.”

“आये, तू गप रव.”

“मी गपच आसंय. तोंड तेवडा बोलता.”

पराडकरांनी जबाब संध्याकाळी घेऊ म्हटले. त्यांना समुद्र बघायचा होता. काशीराम त्यांना किनाऱ्यावर घेऊन गेला. तिथे आबांनी होडी वर ओढून ओंडक्यांवर टेकवली होती. मोसमाच्या मध्यावर होडीला तेलाचा दुसरा हात द्यायची त्यांची पद्धत होती. मोरीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, काळजाचे तेल डब्यात होते, आणि आबा फडक्याने ते फळ्यांत जिरवत होते. पराडकरांनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला.

काशीरामच्या कपाळाला आठी पडली. “सवय नसेल तुम्हाला.”

“सवय आहे म्हणून तर,” पराडकर रुमालातून म्हणाले. “तुझं ते चाक पुरावा म्हणून माझ्या ताब्यात आहे. क्लबाच्या कपाटात ठेवलंय. कपाट उघडलं की हाच वास. हुबेहूब हाच. खोलीत बसवत नाही. मी वर जातो बुवा, चहा बाधायचा नाहीतर.”

ते वाळू तुडवत घराकडे गेले. काशीराम उभा राहिला. त्याने नाकाने श्वास घेऊन पाहिला. त्याला कसलाच वास आला नाही. समुद्राचा, जाळ्यांचा, घराचा जो नेहमीचा, तेवढाच होता. तो जन्मापासून त्यातच होता.

मग त्याने डब्यात बोट बुडवले आणि दोन बोटे एकमेकांवर घासली. बोटे एकमेकांवरून निसटत राहिली.

“आबा,” तो म्हणाला, “पावसात माझी चाकां मांगरात होती. तेंका कोणी हात लावलो?”

“कोण लावतलो? मांगरात कोण येता?” आबांनी फडके पिळले. “मियाच लावलंय.”

“काय केलात?”

“काय म्हंजे? तेल दिलंय. नारळी पुनवेच्या आदी होडयेक देवक घेतलेला, तेतलाच. दोन हात दिलंय. लाकूड कसा सुका पडलेला! तुमी मुंबयकार लाकडाक पाणीय दाखवणास नाय, तेलय दाखवणास नाय.”

“तां पाण्यार चलणा नाय, आबा.”

“खंयव चलांदे. लाकूड तां लाकूड. बिनतेलाचा टिकतला काय?”

पहिला संशय त्याला बापावर आला. इतक्या वर्षांच्या सवयीने तो आपसूक आला. गोल फिरणे आवडत नव्हते, मुलगा होडीवर यायला हवा होता. त्याने आबांच्या तोंडाकडे निरखून पाहिले, मागच्या स्वाराकडे पाही तसे. आबा खाली वाकून एका फळीच्या सांध्यात तेल भरत होते. तिथे काही लपवलेले नव्हते. दरवर्षी ते जसे मन लावून होडीच्या लाकडाला तेल पाजत, तसेच मन लावून त्यांनी ते चाकांना पाजले होते. चांदीच्या भांड्यांबद्दल जे तोंडाने कधी बोलले नाहीत ते त्यांनी फडक्याने बोलून ठेवले होते. आणि तेल इतके खोल मुरले होते की हरिश्चंद्रच्या रॉकेलने ते वरवर निघाले, शर्यतीत रिम तापली तसे पुन्हा वर आले, आणि लाख सुटली.

आबांचा हात थांबला. “कित्याक इचारतंस? चाकाक काय झाला? तेलान काय झाला?”

तीर्थक्षेत्री नवस फेडून आलेल्या माणसाला कोणी ‘देव चुकीचा होता’ म्हणावे, तशी भीती त्यांच्या आवाजात होती. काशीरामने वाळूत बोटे पुसली.

“काय नाय. चाक बरा आसा. माझोच तोल गेलो.”

“तोल जातलोच,” आबा म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले. “फुडे बगूचा तां मागे बगतंस.”

संध्याकाळी अंगणात पराडकरांनी कागद काढला. काशीराम म्हणाला, “लिहा. टायर मी लावला.”

पराडकरांनी पेन उचलले नाही. “हरिश्चंद्राने लावताना तीन माणसांनी पाहिलंय. तूही उभा होतास.”

“तो लावून गेल्यावर मी काढला. पुन्हा लावला.”

“का?”

“त्याचा भरवसा नव्हता म्हणून.”

पराडकरांनी त्याच्याकडे निरखून पाहिले. हे खोटे असू शकते हे त्यांच्या मनात आले असावे. पण हा माणूस पाण्याची बाटलीही दुसऱ्याला भरू देत नव्हता.

“दुसऱ्या कोणी हे सांगितलं असतं तर मी मानलं नसतं,” ते शेवटी म्हणाले. “तुझ्या बाबतीत मात्र सगळे मानतील. दोन वर्षं जातील, काशीराम. तुझं वय बघता...”

“लिहा.”

सगळ्यांनी मानले. वर्तमानपत्रांनी लिहिले की संशयाने विजेत्याचा घात केला. पंजाबच्या स्वाराचे नाव त्या मजकुरात शेवटच्या ओळीत होते. काशीरामने त्याच्यासाठी दुसऱ्याकडून दोनदा पत्र लिहवून घेतले आणि दोन्ही वेळा ते पोस्टात टाकले नाही. हरिश्चंद्र परदेशी जाऊन आला, कोणत्याही पदकाशिवाय. त्यानेही मानलेच होते. मी लावलेला टायर या माणसाने माझ्या पाठीमागे सोलून काढला, हे त्याला आरोपापेक्षा जास्त लागले. गोदीत दोघे एकाच फाटकातून आत जात आणि एकमेकांना ओलांडून जात. बंदी उठल्यावर काशीराम १९६२ मध्ये पुन्हा धावपट्टीवर उतरला. पहिल्याच फेरीत हरला. पायांत जोर होता, पण वळणावर तो टायरकडे बघत होता. त्याच वर्षी त्याने नोकरी सोडली आणि गावी येऊन सायकलदुरुस्तीचे दुकान टाकले.

१९६५ च्या हिवाळ्यात हरिश्चंद्र मिठबावला आला. वडील गेल्यावर तो फोंडाघाटचे दुकान बघत होता. बाजारातल्या लोकांनी पोरांची सायकल शर्यत ठरवली होती आणि ती सुटायची शिट्टी जुन्या विजेत्याने द्यावी असे त्यांचे म्हणणे पडले होते. दुसरे कोणी जायला तयार नव्हते म्हणून तो आला, सायकलवरून. काशीराम दुकानात होता. अंगणात आबा एकटेच बसले होते. त्यांची दृष्टी बरीच गेली होती.

“कोण तो?”

“फोंड्याचो बिडयो, आबा.”

“हरिश्चंद्र? बस बाबा. सायकल घेवन इलंस? हय हाड बगया.” आबांनी चाक हाताने चाचपले. रिमेवर नख वाजवले. “लोखंड. लाकडाचा आसता तर तेल दिला आसता. काशीरामाच्या चाकांक मियाच देयलंय. मोरीचा तेल. पावसात, दोन हात. कोणाक सांगूक नाय मी.”

हरिश्चंद्र आबांच्या जवळ सरकला. “कोणत्या पावसात, आबा?”

“हाड मोडला तेच्या आदल्या. तेलाचो तेका बरो गुण इलो आसतो. पण हेका मागे बगूची सवय, तोल गेलो.”

काशीराम दुकान बंद करून आला तेव्हा हरिश्चंद्र पायरीवर उभा होता. दोघे घरामागे मांगराकडे गेले. पहिले हरिश्चंद्रच बोलला, आवाज खाली ठेवून.

“मी तुका तेव्हाच सांगलेलंय. वास येता म्हणान.”

“माका वाटला, तू जातीर गेलंस.”

“मेल्या, मी चाकार गेल्लंय!” हरिश्चंद्रचा आवाज चढला आणि त्याने तो पुन्हा आवरला. “तुझ्या आवशीचे बांगडे खावन मी वाडलंय, तेंच्या वासाक मी नावां ठेवीन? आणि तू सगळ्यांक काय सांगलंस? माझो टायर काडून परत लावलो? पाच वर्सां माका झोंबता तां. चोर म्हटलंस आसतंस तर बरा झाला आसता.”

“चोरच म्हणतलंय होतंय. पराडकर जबाब घेवक बसलेले. सकाळपर्यंत तूच चोर होतंस माझ्या मनात.”

“आणि मग?”

काशीरामने अंगणाकडे नजर वळवली. आबा हरिश्चंद्रच्या सायकलीच्या मडगार्डावरून हात फिरवत होते.

“माका तरी सांगूक होया होता,” हरिश्चंद्र म्हणाला.

“तुका सांगलंय आसतंय तर तू गप रवलंस आसतंस?”

“नाय,” हरिश्चंद्र विचार करून म्हणाला. “तेव्हा नाय.”

“काय कुजबुज चललीहा?” आबांनी विचारले.

“काय नाय, आबा,” हरिश्चंद्र मोठ्याने म्हणाला. “तेल कसा द्यायचा तां इचारतंय. फोंड्याक येवन पोरांक शिकवशात काय?”

“लाकडाची चाकां हाडा म्हणा. मगे शिकवतंय.”

हरिश्चंद्र परत निघाला तेव्हा काशीराम त्याला सडकेपर्यंत सोडायला निघाला. दोघे सायकलींवर होते. चढ सुरू झाला तसा काशीराम आपसूक पुढे झाला आणि बऱ्याच अंतरापर्यंत त्याने मान वळवली नाही. मागून हरिश्चंद्र ओरडला, “थांब रे, माझी चेन पडली!”

चेन पडली म्हणून ओरडायचे आणि पुढचा ढिला पडला की सुटायचे, ही घाटातल्या शर्यतींतली हरिश्चंद्रची जुनी युक्ती होती. काशीरामने आणखी चार वेळा पायडल मारले. मग तो उतरला, त्याने मागे वळून पाहिले, आणि हरिश्चंद्र खरोखरच काळ्या हातांनी चेनशी झटत होता तिकडे खिशातला पाना काढत चालू लागला.